एक गीत, चार हक्क : मराठी संगीत व्यवसायातील स्वतंत्र कलावंत

गुढीपाडव्याच्या सुमारास महाराष्ट्रात जत्रा-यात्रांचा हंगाम भरात येतो. त्याआधी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच तेथे येतात, फडमालकांशी बोलणी करतात, तिथी आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो आणि सुपारी पक्की होते. बाहेरून पाहणाऱ्यास हा करमणुकीचा एक साधा सौदा वाटेल. वस्तुतः तो एका प्रादेशिक संगीत व्यवसायाचा भरलेला बाजार असतो. या बाजारात जे विकले जाते ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नसते. ते ढोलकीवर पडणाऱ्या बोटांत, गायिकेच्या गळ्यात आणि अनेक गावांतून घासून-पुसून निघालेल्या चालींत असते. फडांतून आता चित्रपटगीतेही वाजतात, हे खरे. तथापि गावकरी सुपारी देतात ती फडाच्या नावाला, चित्रपटाच्या नावाला नव्हे.

मराठी संगीत म्हटले की चित्रपट, नाट्यसंगीत आणि भावगीत डोळ्यांसमोर येतात. परंतु राज्यातील फार मोठे संगीत या तिहींच्या बाहेर निर्माण होते. शाहीर, भारुडकार, गोंधळी, वाघ्या-मुरळी, भीमगीते गाणारे गायक, आगरी-कोळी गीते रचणारे गीतकार, बँजो पथके आणि अलीकडे घरातच ध्वनिमुद्रण करणारे तरुण हे सारे या वर्गात येतात. कोणत्याही निर्मात्याचे वा कंपनीचे ते पगारी नोकर नसतात. गीत कोणते निवडावे, साथीला कोणास घ्यावे, कोणत्या गावी जावे हे ते स्वतः ठरवितात आणि तोट्याची जोखीमही स्वतःच पत्करतात. या लेखात ‘स्वतंत्र कलावंत’ हा शब्द याच अर्थाने योजला आहे. हा कलावंत मूल्य कसे निर्माण करतो आणि ते त्याच्या हाती का राहत नाही, हे समजून घेणे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना व शिक्षकांनाही उपयोगी पडेल. कारण त्याच्या मिळकतीचा बराचसा भाग गावाच्याच निर्णयांतून ठरतो.

मूल्य कोठे निर्माण होते

गीताचे मूल्य ते ध्वनिमुद्रित झाल्यावर निर्माण होते, असा समज आहे. स्वतंत्र कलावंताच्या बाबतीत क्रम उलटा असतो. शाहीर नवा पोवाडा रचतो तेव्हा तो प्रथम एका गावात म्हणून पाहतो. कोठे श्रोते चुळबुळ करतात, कोठे दाद येते, कोणत्या ओळीला झीलकऱ्यांचा सूर अपुरा पडतो, हे त्याच रात्री कळते. पुढच्या गावी ती ओळ बदललेली असते. असे एका हंगामात अनेक वेळा घडते. चित्रपट निर्माता ज्या जोखमीसाठी मोठे भांडवल गुंतवितो, ती जोखीम शाहिराने स्वतःच्या बिदागीवर आधीच उचललेली असते. लोकमान्य झालेली चाल मग व्यवसायाच्या इतर शाखांना आयती मिळते. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) हे चित्रपट तमाशाच्या जगावर उभे होते. त्यांच्या यशात संबंधित संगीतकारांचे कर्तृत्व आहेच. पण ढोलकीच्या बोलाला ओळखणारा आणि त्याच्यावर प्रेम करणारा श्रोता आधी फडांनी घडविला होता.

दुसरे मूल्य नावलौकिकाचे. सातारा जिल्ह्यातील पसरणीचे शाहीर कृष्णराव साबळे (१९२३-२०१५) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. स्वतःची पार्टी, स्वतःची गीते, ‘आंधळं दळतंय’ सारखे मुक्तनाट्य आणि पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा रंगमंचीय कार्यक्रम, अशी त्यांची वाटचाल झाली. ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा आवाज घरोघरी नेला. परंतु त्या ध्वनिमुद्रिकांमागे एक चालता-बोलता संच होता आणि त्या संचाला आपले असे प्रेक्षक होते. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले आणि साबळे यांनी गायिलेले महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. एका गीतामागे किती जणांचे श्रम असतात, हे या एका उदाहरणातूनही दिसते. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

तबकडीपासून ध्वनिफितीपर्यंत

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. तबकडी तयार करण्यास कारखाना लागे. कोलकात्यानजीक डमडम येथील कारखाना १९२८ पासून सुरू झाला आणि पुढील अनेक दशके देशातील तबकड्यांचा व्यवसाय मुख्यत्वे एकाच मोठ्या कंपनीभोवती फिरत राहिला. साहजिकच कोणाचा आवाज मुद्रित व्हावा याचा निर्णय मोठ्या शहरातील कार्यालयात होई. खेड्यातील गायकाला आकाशवाणी हा त्या मानाने जवळचा मार्ग होता. पुणे, नागपूर, सांगली, जळगाव अशा केंद्रांवर स्वरचाचणी होऊन कलावंताला श्रेणी मिळे आणि कार्यक्रमाची तारीख, कालावधी व मानधन लिहिलेला करार त्याच्या हाती पडे. अनेक लोककलावंतांच्या घरात आपल्या कलेविषयीचा पहिला शासकीय कागद आला तो असा.

१९८० च्या दशकात ध्वनिफितींनी हे चित्र पालटले. ध्वनिफितीला मोठा कारखाना लागत नाही, थोड्या प्रतीही परवडतात. त्यामुळे लहान कंपन्या निघाल्या आणि ज्या गीतांकडे मोठ्या व्यवसायाने पाहिले नव्हते त्यांना बाजार मिळाला. विठ्ठलाची गीते, जेजुरीच्या खंडोबाची गीते, कोळीगीते, लग्नाची गीते आणि विशेषतः भीमगीते. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा आवाज पंढरीच्या वाटेवर आणि बौद्ध वस्त्यांत सारख्याच आत्मीयतेने ऐकला गेला, ही मराठी संगीताच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या शेजारी ध्वनिफितींचे ढीग लागत. एका रचनेचा लाभ त्यामुळे किती तरी हातांना होई. फीत काढणारा, ती विकणारा, ध्वनिक्षेपक भाड्याने देणारा, वाद्ये दुरुस्त करणारा, असे अनेक जण त्यावर पोट भरीत.

रचनाकाराला मात्र बहुधा एकदाच ठोक रक्कम मिळे. फितीच्या किती प्रती निघाल्या, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. लेखी करार असला तरी त्यात ‘सर्व हक्क कायमचे दिले’ एवढेच वाक्य असे, आणि पुष्कळदा तोही नसे.

येथे आपल्या परंपरेतील एका युक्तीचा उल्लेख केला पाहिजे. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले, शाहिरांनी पोवाड्याच्या अखेरीस गुंफले आणि वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) लोककवींनीही ती रीत चालविली. ही नाममुद्रा म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजाने शोधलेली कर्तृत्वाची नोंदच होय. गीत कोणाच्याही तोंडी गेले तरी कर्त्याचे नाव त्याच्यासोबत जाई. त्यासाठी कार्यालय लागत नसे, शुल्क लागत नसे. आज मोबाइलवर गीताचे पहिले कडवे, किंबहुना केवळ ध्रुवपद फिरते. शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर नावही. वाद्यवृंदात जुने गीत नव्या ठेक्यावर बसविताना हेच होते. शतकानुशतके टिकलेली नोंद अशी थोड्या सेकंदांच्या तुकड्याने पुसली जाते, हे लेखकाला आजच्या तंत्राचे सर्वांत मोठे नुकसान वाटते.

सुपारीचा हिशेब

कार्यक्रम हाच आजही मिळकतीचा कणा आहे. तिचे वाटप कसे होते हे दाखविण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. अकरा जणांच्या शाहिरी संचाला एका कार्यक्रमाचे ३६,००० रुपये ठरले. वाहनभाडे ६,०००, ध्वनिक्षेपक ५,०००, मध्यस्थ ३,००० आणि खाणेपिणे २,००० वजा जाता २०,००० उरले. शाहिराने ५,००० ठेवले, उरलेल्या दहा जणांना प्रत्येकी १,५०० दिले. हंगामात ४० कार्यक्रम झाले, तर ढोलकीवाल्याच्या हाती वर्षाला ६०,००० रुपये पडतात. शाहिराकडे २ लाख दिसतात खरे. पण ढोलकीच्या पुड्या, पोशाख, तालमीच्या दिवसांचे जेवण आणि साथीदारांना हंगामापूर्वी द्यावी लागणारी उचल त्यातूनच भागवायची असते. पावसाळ्याच्या महिन्यांत आवक जवळजवळ थांबते, आणि तेव्हा घेतलेली उचल पुढच्या हंगामावर बोजा म्हणून चढते.

या मिळकतीचा दोष असा की ती देहाला बांधलेली आहे. गळा बसला, अपघात झाला, यात्रा रद्द झाली की ती शून्यावर येते. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्च रोजी, आणि तो नेमका गुढीपाडव्याचा दिवस होता. २०२१ च्या चैत्रातही निर्बंध होते. म्हणजे लागोपाठ दोन वर्षे यात्रांचे मुख्य हंगाम बुडाले. त्या काळात या कलावंतांची गीते घराघरांतील मोबाइलवर वाजणे काही थांबले नव्हते. वाजणाऱ्या गीताचा पैसा कोणाकडे जात होता, हा प्रश्न तेव्हा अनेकांना प्रथमच पडला.

कायदा काय देतो

या प्रश्नाचे उत्तर प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये आहे. त्याच्या दृष्टीने एका ध्वनिमुद्रित गीतात चार निरनिराळे हक्क असतात. शब्द हे साहित्यकृती म्हणून कवीचे. चाल ही संगीतकृती म्हणून संगीतकाराची. गायन व वादन यांवर सादर करणाऱ्याचा हक्क. आणि ‘सादर करणारा’ या व्याख्येत गायकाप्रमाणे ढोलकी वा संबळ वाजविणाराही येतो, हे साथीदारांना सहसा ठाऊक नसते. चौथा हक्क ध्वनिमुद्रणाचा. तो ज्याने पुढाकार घेऊन व जबाबदारी पत्करून मुद्रण केले त्या निर्मात्याचा. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षे आणि सादरकर्त्याचा ५० वर्षे. हे हक्क निर्माण होण्यास नोंदणीची सक्ती नाही. परंपरेने आलेली, कर्ता अज्ञात असलेली जात्यावरची ओवी कोणा एकाच्या मालकीची नाही. परंतु त्या वळणावर कोणी नवे गीत रचले तर ते त्याचे.

चित्रपटात हे चार हक्क चार निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. गावच्या शाहिराकडे मात्र शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही एकत्र असतात. त्याने स्वतःच मुद्रण केले तर चौथाही त्याचाच. म्हणजे हक्कांच्या दृष्टीने तो चित्रपटगायकाहून श्रीमंत आहे. तो गरीब राहतो तो या हक्कांचा कागद त्याच्याजवळ नसतो म्हणून.

कायदा नेहमीच कर्त्याच्या बाजूने होता असे नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता ठरू शकतो असा निर्णय दिला आणि कवी-संगीतकारांचे स्वामित्वधन अडचणीत आले. सादरकर्त्यांना तर १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत स्वतंत्र हक्कच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने पारडे बरेच फिरविले. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी कवीने वा संगीतकाराने हक्क लिहून दिले, तरी त्या कृतीच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा मागण्याचा त्याचा अधिकार आता जात नाही. व्यापारी वापरासाठी केलेल्या सादरीकरणाबद्दल सादरकर्त्यालाही स्वामित्वधन आहे. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर हस्तांतरण त्या माध्यमास लागू होत नाही. हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जातो. म्हणूनच छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे दोन शब्द कोठे आहेत ते सही करण्याआधी पाहावे.

स्वामित्वधन गोळा करण्याचे काम प्रताधिकार संस्था करतात. कवी व संगीतकारांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. गायकांसाठीची संस्था २०१३ मध्ये नोंदविली गेली. संस्थेचे सभासद होणे पुरेसे नाही, आपल्या रचनांची नोंद तेथे करावी लागते. शीर्षक, कवी, संगीतकार, गायक, मुद्रणाचे वर्ष यांपैकी एक रकाना चुकला तर पैसा चुकतो. स्वतःच्या वहीत हे लिहून ठेवणारा लोककलावंत आजही विरळा.

ध्वनिचित्रफितींच्या माध्यमातून मिळणारा पैसा प्रत्येक श्रवणामागे अत्यल्प असतो, आणि तो ज्याच्या खात्यावरून फीत प्रसिद्ध झाली त्याला मिळतो. यात्रेतील एखाद्या हौशी श्रोत्याने कार्यक्रम मोबाइलवर टिपून आपल्या खात्यावर टाकला, तर आवाज कलावंताचा आणि आवक दुसऱ्याची अशी स्थिती होते. सादरीकरणाचे मुद्रण करण्याचा व ते लोकांपर्यंत पोचविण्याचा हक्क सादरकर्त्याचा आहे. खासगी उपयोगासाठी टिपणे निराळे आणि प्रसिद्ध करणे निराळे. तथापि या माध्यमाचा दुसरा उपयोग नाकारता येत नाही. आगरी-कोळी गीतांचे तरुण रचनाकार हळदीच्या हंगामाआधी नवे गीत प्रसिद्ध करतात ते फितीच्या आवकेपेक्षा पुढच्या सुपाऱ्यांसाठी. त्यांच्या दृष्टीने गीत ही जाहिरात आणि कार्यक्रम हा व्यवसाय. हे गणित बरोबर आहे. फक्त जाहिरात म्हणून सोडलेले गीत उद्या चित्रपटात मागितले गेले, तर ते आपले आहे हे दाखविणारा पुरावा जवळ असावा.

गाव आणि शाळा

धार्मिक समारंभात, तसेच शासन वा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकृत समारंभात गीत सादर करण्यास वा वाजविण्यास प्रताधिकाराची परवानगी लागत नाही. विवाहाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही यात येतात. शाळेच्या संमेलनात विद्यार्थी व शिक्षक यांनी पालकांसमोर गीते सादर करण्यासही अशीच सूट आहे. तिकीट लावून केलेला करमणुकीचा प्रयोग मात्र या सवलतीत बसतो असे गृहीत धरू नये. आणि सूट आहे ती परवानगीपुरती, कलावंताच्या मानधनाला ती लागू नाही. ‘गावचेच कार्यक्रम आहे, नारळ आणि टोपी देऊ’ अशी भाषा मंडपवाल्याशी कोणी करीत नाही, ती शाहिराशी होते.

यात्रा समितीने संचाशी एका पानाचा करार केला तर पुष्कळ गोष्टी सुकर होतात. त्यात तारीख, ठरलेली रक्कम, इसार, कार्यक्रम रद्द झाल्यास किती द्यावयाचे, संचातील सर्वांची नावे आणि चित्रण करण्यास संमती आहे की नाही, इतके पुरे. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी. निवेदकाने गीताआधी कवीचे नाव उच्चारावे. शिक्षकांना आणखी एक काम करता येण्याजोगे आहे. गावातील वयोवृद्ध कलावंतांच्या रचना, त्या कोणी आणि साधारण केव्हा रचल्या, साथीला कोण होते, ही माहिती विद्यार्थ्यांकरवी एका वहीत उतरवून घ्यावी आणि त्यावर कलावंताची सही वा अंगठा व तारीख घ्यावी. अशी वही प्रताधिकार निर्माण करीत नाही, पण वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून पुढे करता येते.

या कागदांचा उपयोग उतारवयातही होतो. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराज यांचे नाव देण्यात आले आणि पूर्वीच्या तीन वर्गांऐवजी सर्वांना दरमहा ५,००० रुपये असे एकच मानधन ठरविण्यात आले. अर्जदाराला आपण दीर्घ काळ कलेची सेवा केल्याचे दाखवावे लागते. कार्यक्रमपत्रिका, आकाशवाणीचा जुना करार, वर्तमानपत्रातील कात्रण, यात्रा समितीची पावती किंवा ग्रामपंचायतीने दिलेले सन्मानपत्र अशा वेळी उपयोगी पडते. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे झील ओढणाऱ्या किंवा दिमडी वाजविणाऱ्या साथीदारापाशी यांपैकी बहुधा काहीच नसते, कारण पत्रिकेवर नाव छापले गेले ते फक्त शाहिराचे.